पावसाळा वगळलेला समुद्र

सरकारी भाषेत अलीकडे एका शब्दास मोठी प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. तो शब्द म्हणजे ‘पूरक’. पूरक आहार, पूरक मागण्या, पूरक अनुदान ही मंडळी जुनीच. त्यांच्या पंक्तीस आता ‘विकासास पूरक असे पर्यावरणीय संशोधन’ येऊन बसले आहे. समुद्रात पवनचक्क्या उभारावयाच्या, त्यांपासून वीज काढावयाची, आणि त्या उद्योगास पूरक ठरेल असे संशोधन शासनाने आपल्या संस्थांकडून करवून घ्यावयाचे, अशी ही एकंदर योजना. पश्चिमेकडील देशांत ती थोड्याफार फरकाने पंचवीस वर्षे चालू आहे, आणि आता आपल्याकडेही तिचे पडघम वाजू लागले आहेत. ऐकावयास ती निर्मळ वाटते. परंतु ज्या शोधाचे उत्तर त्याच्या विशेषणातच लिहून ठेविले आहे, त्यास शोध म्हणावे काय? ‘फिर्यादीस पूरक’ म्हणून एखाद्या न्यायाधीशाची नेमणूक झाली, तर आरोपीने न्यायालयाची पायरी चढावी ती कोणत्या आशेने?

एक गैरसमज आरंभीच दूर केलेला बरा. वाऱ्यापासून वीज काढण्यास आमचा यत्किंचितही विरोध नाही. मुरगाव बंदरावर उतरणाऱ्या कोळशाची काजळी ज्यांच्या खिडक्यांवर बसते, त्या वास्कोकरांना कोळशाच्या विजेची थोरवी कोणी सांगू नये. वाऱ्याची वीज त्यांना हवीच आहे, आणि आम्हांसही. उलट बाजूस असाही एक वर्ग आहे, की ज्याने खारफुटी तोडून बंगले बांधताना कधी एका बगळ्याची विचारपूस केली नाही, आणि समुद्रात पवनचक्की म्हणताच त्यास पक्ष्यांचा पुळका येतो. या मंडळींच्या वाटेस जाण्याची आमची इच्छा नाही. घोडे पेंड खाते ते निराळ्याच ठिकाणी, आणि तेच वाचकांच्या नजरेस आणून द्यावे एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम हकीकत. भारत सरकारने सागरी पवनऊर्जेचे राष्ट्रीय धोरण २०१५ साली जाहीर केले आणि चेन्नई येथील राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेकडे त्याची मुख्य जबाबदारी सोपविली. गुजरात व तमिळनाडू या दोन राज्यांच्या किनाऱ्यांसमोर प्रत्येकी आठ क्षेत्रे मुक्रर झाली. २०१७ च्या अखेरीस खंभातच्या आखाताच्या तोंडाशी, पिपावावपासून सुमारे २३ किलोमीटरांवर, समुद्रात एक फलाट उभारून त्यावर प्रकाशकिरणांच्या साहाय्याने वाऱ्याचा वेग मोजणारे लायडार नावाचे यंत्र बसविण्यात आले. २०१८ साली उद्दिष्ट जाहीर झाले: २०२२ पर्यंत ५,००० मेगावॉट आणि २०३० पर्यंत ३०,००० मेगावॉट. २०२२ साल आले आणि गेले. पाच हजारांची गोष्ट दूरच, वीज देणारे एक पातेही आपल्या समुद्रात फिरले नाही. पुढे जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांची साहाय्य योजना मंजूर केली. त्यांपैकी ६,८५३ कोटी गुजरात व तमिळनाडूसमोर प्रत्येकी ५०० मेगावॉटची पवनक्षेत्रे उभारण्यासाठी, आणि ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी. वाचकांनी ही बेरीज स्वतः करून पाहावी. ती अचूक जुळते. पवनक्षेत्रे आली, बंदरे आली आणि रक्कम संपली. ज्या समुद्रात हा सगळा खटाटोप करावयाचा, त्याच्या अभ्यासाचा रकाना या बेरजेत नाही. दुसऱ्या कोणत्या खात्याच्या पिशवीतून तो खर्च होईल, असे कोणी म्हणेल. होईलही. पण घराचा खर्च लिहिताना पायाचा खर्च शेजाऱ्याच्या वहीत कोण लिहितो?

महाराष्ट्राच्या अगर गोव्याच्या किनाऱ्यासमोर यांतील एकही क्षेत्र नाही. मग या पत्राने या विषयात का पडावे, असा प्रश्न इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचक विचारतील आणि तो रास्त आहे. बडोद्याच्या वाचकांस तो पडणार नाही. खंभातचे आखात त्यांच्या दाराशी आहे. कोकणातील वाचकांसही पडू नये, कारण पिपावावच्या शेजारी जाफराबाद आहे आणि जाफराबाद म्हणजे बोंबलाचे एक मोठे ठाणे. शिवाय एका किनाऱ्यावर ज्या रीतीने अभ्यास होईल तीच रीत उद्या सर्व किनाऱ्यांची वहिवाट ठरेल. वहिवाट एकदा पडली म्हणजे ती मोडावयास कोर्टकचेऱ्या लागतात, हे आम्हां लोकांस नव्याने शिकावयाचे नाही.

आता त्या रीतीकडे वळू. २००६ सालच्या पर्यावरणीय परिणाम मूल्यमापनाच्या अधिसूचनेत ज्या उद्योगांना पूर्वमंजुरी आवश्यक मानली आहे, त्यांची एक यादी आहे. तीत औष्णिक वीज आहे, जलविद्युत आहे, अणुवीज आहे, पवनऊर्जा नाही. जमिनीवरील चार-दोन पवनचक्क्या डोळ्यांपुढे ठेवून ती यादी केली गेली, असे म्हणून आपण ही गोष्ट सोडून देऊ. किनारा-नियमनाची अधिसूचना आहे, परंतु तिचा अंमल १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरांपर्यंत. वीज वाहून आणणारी तार किनाऱ्यास लागेल तेथे ती लागू होईल. त्यापलीकडे खोल पाण्यात जेथे खांब ठोकावयाचे तेथे नाही. तेव्हा कायद्याच्या सक्तीने जो अभ्यास व्हावयाचा तो अपुरा, आणि शासन आपण होऊन जो करील त्यावरच सारी भिस्त. असा अभ्यास म्हणून आपल्या सरकारी कागदपत्रांत जो शब्द येतो, तो आहे ‘जलद पर्यावरणीय परिणाम मूल्यमापन’.

‘जलद’ म्हणजे काय? कारकून जरा चपळ, एवढाच त्याचा अर्थ असता तर आम्ही आनंदाने मान डोलावली असती. पण आपल्या देशातील रूढ पद्धतीत या शब्दास ठरलेला अर्थ आहे. सर्वंकष मूल्यमापनात वर्षाच्या निरनिराळ्या ऋतूंची आकडेवारी घेतात. जलद मूल्यमापनात एकाच ऋतूची घेतात, आणि तो ऋतू पावसाळा सोडून कोणताही चालतो. पुन्हा वाचावे: पावसाळा सोडून. कारखान्याच्या धुराड्यासाठी हा नियम कदाचित ठीक असेल. पावसात धूळ बसते, हवा स्वच्छ भासते, म्हणून ते दिवस टाळावयाचे. पण हीच फूटपट्टी अरबी समुद्रास लावणे म्हणजे नाडीपरीक्षा करावयाची ती रोग्यास ताप नसेल तेव्हाच, असे वैद्याने ठरविण्यासारखे आहे. आपला समुद्र वर्षातून चार महिने समुद्र असतो. बाकीचे आठ महिने त्या चार महिन्यांचे फलित असते. हे रापणीवरच्या पोरासही ठाऊक आहे.

हे ज्यांस काव्य वाटेल त्यांच्यासाठी शास्त्राचा दाखला देतो, आणि तो घरचाच आहे. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली. तिच्या शास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या अखेरीपासून कांदोळीसमोरच्या समुद्रात एकाच जागी पुनःपुन्हा जाऊन पाण्याची परीक्षा चालविली. त्यांस जे आढळले ते सोप्या शब्दांत असे: नैर्ऋत्य वाऱ्यांच्या काळात खोल समुद्रातील थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले परंतु प्राणवायूने दरिद्री असे पाणी तळातळाने किनाऱ्याकडे चढून येते. त्याच वेळी पावसाचे आणि नद्यांचे गोडे पाणी वर हलक्या चादरीप्रमाणे पसरते. त्यामुळे वरची हवा खाली पोहोचत नाही. खाली वनस्पतींचे व प्राण्यांचे अवशेष कुजत राहतात आणि उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतात. भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास किनाऱ्यालगतच्या तळाच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ शून्यावर येतो. सय्यद वाजिह नक्वी व त्यांचे सहकारी यांनी हा विषय २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडला आणि जगभरच्या समुद्रशास्त्रज्ञांचे लक्ष आपल्या किनाऱ्याकडे वळले. आता कल्पना करा, की कोणी एक तज्ज्ञ त्याच कांदोळीसमोर जानेवारीत गेला. समुद्र निवळलेला, पाणी वरपासून खालपर्यंत मिसळलेले, प्राणवायू भरपूर. त्याने प्रामाणिकपणे मोजले, प्रामाणिकपणे लिहिले, आणि तरीही त्याचा अहवाल असत्य ठरला! येथे खोटे बोलणारा कोणी नाही. पंचांगातील चार महिने फाडून टाकले, एवढ्यानेच हे साधले.

आणि या गोष्टीचा पवनचक्कीशी संबंध नाही असे कोणी समजू नये. समुद्रात रोवलेला प्रत्येक खांब वाहत्या पाण्यात भोवरा उत्पन्न करतो. शेकडो खांब झाले की पाण्याचे थर त्यामुळे किती मिसळतील, याचा हिशेब जर्मनीसमोरच्या उत्तर समुद्रासाठी तेथील अभ्यासकांनी मांडून पाहिला आहे. आपल्या किनाऱ्यावर असे मिसळणे उपकारक ठरेल, की तळचे निःसत्त्व पाणी वर आणून मासळीस मारक ठरेल? आम्हांस ते ठाऊक नाही, आणि जानेवारीतील मोजमापावरून ते कोणासच ठाऊक होणार नाही. खंभातच्या आखातात कांदोळीचाच प्रकार घडतो असे आमचे म्हणणे नाही; भावनगरकडे भरती-ओहोटीतील अंतर दहा मीटरांच्या घरात जाते आणि पाणी अहोरात्र घुसळले जाते. पण मग तेथील प्रश्न निराळे आहेत. ते पाणी इतके गढूळ, की नावेवर उभे राहून दुर्बिणीने डॉल्फिन मोजण्याचा उद्योग तेथे फारसा उपयोगाचा नाही. पाण्याखाली कान लावावे लागतात.

कान लावले म्हणजे काय ऐकू येते, याचाही दाखला गोव्याचाच आहे. गोव्याच्या किनाऱ्यालगत पाण्याखाली ध्वनिग्राहक यंत्रे ठेवणाऱ्या संशोधकांना गेल्या दशकात हंपबॅक देवमाशांचे गायन ऐकू आले आणि त्यांनी ते शास्त्रीय निबंधात नोंदविले. अरबी समुद्रातील हे देवमासे आपल्या जातभाईंप्रमाणे ध्रुवांकडे स्थलांतर करीत नाहीत. ते येथलेच रहिवासी, आणि संख्येने फारच थोडे उरले आहेत. मिरामारच्या वाळूत बसून भेळ खाणाऱ्या आपणांपैकी किती जणांस हे माहीत होते? खांब ठोकताना पाण्यात जो आवाज होतो तो मैलोगणती जातो. त्या वेळी जवळपास कोण आहे आणि कोणत्या महिन्यात आहे, हे आधी माहीत नसेल तर नंतर कधीच कळणार नाही. कारण जो होता तो तोवर निघून गेलेला असेल.

येथे आमचे विद्वान प्रतिपक्षी एक युक्तिवाद पुढे करतात आणि तो मोठा गोंडस आहे. ते म्हणतात, युरोपाने हे सारे अभ्यास केलेले आहेत. पवनचक्क्यांमुळे समुद्राचे फारसे बिघडत नाही हे सिद्ध झाले आहे. तेव्हा आपण पुन्हा पहिल्यापासून ‘श्रीगणेशा’ का गिरवावा? युरोपाने अभ्यास केले हे खरेच. डेन्मार्कने हॉर्न्स रेव येथे ८० पवनचक्क्या २००२ साली उभारल्या आणि नीस्टेड येथे ७२ पवनचक्क्या पुढील वर्षी. परंतु अभ्यासास आरंभ झाला होता तो १९९९ पासून, म्हणजे पहिला खांब रोवण्यापूर्वी. आणि तो चालला २००६ पर्यंत. खर्च ८.४ कोटी क्रोनर, तोही वीज वापरणाऱ्या सर्व जनतेकडून पट्टी रूपाने घेतलेला. वर देखरेखीस परदेशी तज्ज्ञांचे मंडळ. नीस्टेडला रडार लावून रात्रंदिवस पाहिले, तेव्हा आढळले की स्थलांतर करणारी आयडर बदके चक्क्यांना वळसा घालून जातात. धोक्याच्या अंतरात येणारी बदके व हंसजातीचे पक्षी शंभरांत एकाहूनही कमी. हा निष्कर्ष पवनऊर्जेच्या बाजूचा आहे, आणि तो आम्ही मुद्दाम सांगत आहो. तो विश्वसनीय आहे, कारण ज्या अभ्यासातून तो निघाला त्यातून उलट निष्कर्षही निघू शकला असता.

आणि तसे उलट निष्कर्ष निघालेही. पॉरपॉइझ नावाचा डॉल्फिनच्या जवळचा एक लहानसा सस्तन प्राणी त्या समुद्रात राहतो. नीस्टेड येथे बांधकाम सुरू होताच तो तेथून गेला, आणि दहा वर्षे लोटल्यावरही पूर्वीच्या संख्येने परतला नव्हता. उलट हॉलंडच्या एग्मोंड आन झे येथील पवनक्षेत्रात तोच प्राणी पूर्वीपेक्षा अधिक दिसू लागला. एकच प्राणी, दोन शेजारी देश, तशाच चक्क्या, आणि उत्तरे परस्परविरुद्ध! हॉर्न्स रेवचीही एक मौज आहे. स्कोटर नावाची काळी समुद्री बदके चक्क्यांच्या रानात शिरत नाहीत असे अभ्यासकांचे मत झाले होते. मोठा समारोपाचा अहवाल २००६ साली बाहेर पडला, आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत तीच बदके थव्यांनी चक्क्यांच्या मधोमध पोहताना सापडली! डॅनिश शास्त्रज्ञांनी लाज न बाळगता तसे लिहून प्रसिद्ध केले. आता ज्यांना डेन्मार्कचे निष्कर्ष बोटीत घालून पिपावावला उतरवावयाचे आहेत, त्यांनी कृपा करून सांगावे: कोणते उतरविणार? नीस्टेडचे, की एग्मोंडचे? आणि जेथे मोसमी पाऊस नाही, डोल नाही, बोंबील नाही, तेथल्या समुद्राने आपल्या समुद्राची जबानी कशी द्यावी? डेन्मार्कपासून घ्यावयाचे तर ते निष्कर्ष घेऊ नयेत, पद्धत घ्यावी. नेमकी तीच महाग पडते म्हणून ती बंदरावरच राहते.

संशोधनास ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार दिला की उद्योग बुडतो, ही भीतीही अशीच पोकळ आहे. जर्मनीने ठरविले, की खांब ठोकताना ७५० मीटर अंतरावर पाण्यातील आवाज १६० डेसिबलच्या वर जाता कामा नये. सुरुवातीच्या बांधकामांत ही मर्यादा पाळली गेली नाही. मग उपाय शोधले गेले. त्यांतला एक मोठा सोपा आणि सुंदर आहे: खांबाभोवती समुद्राच्या तळावर छिद्रे पाडलेल्या नळीचे कडे टाकावयाचे, त्यात दाबाखाली हवा सोडावयाची, तळापासून वरपर्यंत बुडबुड्यांचा पडदा उभा राहतो आणि आवाज त्यात विरतो. शास्त्रज्ञाने आकडा सांगितला, सरकारने तो कायम ठेवला, आणि अभियंत्याची बुद्धी कामास लागली. जर्मनीची पवनक्षेत्रे काही बंद पडली नाहीत. हॉलंडमध्ये १३ मे २०२३ च्या रात्री पक्ष्यांचे मोठे स्थलांतर होणार असे भाकीत मिळताच बोर्सेले व एग्मोंड येथील चक्क्या चार तास जवळजवळ थांबविण्यात आल्या. जगात असे प्रथमच घडले असे म्हणतात. पक्षी किती वाजता येणार हे जेथे माहीत असते, तेथे चक्की चार तास थांबविता येते. जेथे ते माहीत नसते तेथे एकतर चक्की कायम फिरते, नाही तर कायमची अडते. आपल्याकडे कार्तिक-मार्गशीर्षात अमूर ससाणे पश्चिम भारत ओलांडून थेट अरबी समुद्रावरून आफ्रिकेकडे झेपावतात. त्यांच्यासाठी कोणत्या रात्री चार तास काढून ठेवावयाचे?

दुसरा युक्तिवाद वेळेचा. हवामान बदलते आहे, समुद्र तापतो आहे, वर्षानुवर्षे मोजीत बसावयास वेळ कोणास आहे? हा प्रश्न मनापासून विचारणाऱ्यांविषयी आम्हांस आदर आहे. पण तो विचारण्याचा हक्क ज्यांस नाही अशीच मंडळी तो मोठ्याने विचारतात. २०१५ साली धोरण झाले. तेव्हापासून आजतागायत जो काळ गेला तो मासळीची गणना चालू होती म्हणून गेला काय? तो गेला विजेचा भाव जुळेना म्हणून, निविदांच्या अटी ठरेनात म्हणून, बंदरे तयार नाहीत म्हणून. दहा वर्षांत दहा पावसाळे येऊन गेले. वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र त्या पावसाळ्यांत समुद्रातल्या फलाटावर उभे राहू शकते, कारण वाऱ्याचा पैसा होतो; मग त्याच फलाटाच्या पायाशी, पाण्याखाली, दुसरे एक यंत्र का बसू नये? उशीर संशोधनामुळे होतो हा आरोप आम्हांस मान्य नाही. वरातीमागून घोडे आणावयाचे, आणि वरातीस उशीर झाला म्हणून घोड्यास चाबूक मारावयाचा, असला हा न्याय आहे.

राहता राहिले कोळी. सरकारी अहवालांत ते बहुधा शेवटच्या प्रकरणात, ‘सामाजिक बाबी’ या मथळ्याखाली भेटतात आणि तेथे त्यांचे काम एकच, नुकसानभरपाई मागणे. जाफराबाद, नवाबंदर, राजपरा या बंदरांवर डोल जाळ्यांनी मासेमारी चालते. आपल्या वसई-सातपाटीकडेही ती आहे. डोल म्हणजे निमुळती होत जाणारी लांबलचक पिशवी. तिचे तोंड प्रवाहाकडे करून ती समुद्रात खुंटांना किंवा नांगरांना बांधून ठेवतात. हे जाळे माणूस ओढीत नाही. पाणी त्यात मासळी लोटते. तेव्हा कोणत्या तिथीस, कोणत्या खोलीवर, प्रवाह किती आणि कोणत्या दिशेचा, हे ज्यास बिनचूक कळत नाही त्याच्या घरी चूल पेटत नाही. पावसाळा ओसरताच बोंबलाचा हंगाम सुरू होतो आणि बांबूच्या वलांडींवर तो वाळू लागतो. पवनक्षेत्रात डोल बांधता येणार नाही हे उघड आहे. पण क्षेत्राच्या बाहेर, खांबांनी प्रवाह हलला तर डोल कोठे बांधावयाची? हा प्रश्न ‘सामाजिक’ कसा? हा तर शुद्ध जलगतिशास्त्राचा प्रश्न आहे, आणि त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद ज्यांच्या डोक्यात आहे त्या माणसांना साक्षीदार म्हणून न बोलाविता केवळ दावेदार म्हणून दाराबाहेर उभे केले जाते.

अशा वागणुकीची किंमत काय पडते ते गोव्याने पाहिले आहे. यांत्रिक मासेमारीस सरकारने कर्जे दिली, अनुदाने दिली. किनाऱ्यालगतच्या मासळीवर तिचा परिणाम काय होईल हे आधी कोणी तपासले नाही. रापणकार सांगत होते. ते अडाणी ठरले. १९७० च्या दशकात त्यांचे आंदोलन उभे राहिले, माथानी साल्ढाणा यांच्यासारखे शिक्षक त्यात उतरले, समुद्रात व रस्त्यावर संघर्ष झाला, आणि १९८० साली किनाऱ्यापासून ठराविक पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखणारा कायदा आला. जे ज्ञान आधी फुकट मिळत होते ते सरकारने नंतर डोकी फुटल्यावर विकत घेतले. रापणीचे वैभव काही त्या कायद्याने परत आले नाही.

शासनाच्या संशोधनावरील विश्वास गेला म्हणजे दुसरे काय होते, हे पाहावयास अमेरिकेकडे एक दृष्टिक्षेप पुरेल. तेथील पूर्व किनाऱ्यावर २०१६ पासून हंपबॅक देवमासे नेहमीपेक्षा अधिक संख्येने मरत असल्याची नोंद आहे. शासकीय शास्त्रज्ञांनी तपासले; ज्या प्रेतांची चिकित्सा करता आली त्यांतील सुमारे चाळीस टक्के जहाजांच्या धडकेने अगर जाळ्यांत गुरफटून जखमी झालेली होती; पवनक्षेत्रांच्या सर्वेक्षणाशी या मृत्यूंचा संबंध जोडणारा पुरावा सापडला नाही. पण ऐकतो कोण? ‘हे तर पवनऊर्जेला पूरक संशोधन करणारेच खाते’, एवढे म्हटले की काम भागले. आणि २० जानेवारी २०२५ रोजी सत्ता पालटली, त्याच दिवशी समुद्रातील नवे पवनपट्टे देणे थांबविण्याचा आदेश निघाला. ‘पूरक’ या विशेषणाची हीच गंमत आहे. काल जे खाते एका धन्यास पूरक होते ते आज दुसऱ्यास पूरक व्हावे अशी अपेक्षा होते, आणि खरे बोलूनही त्याचे खरे कोणी मानीत नाही. पवनऊर्जेच्या आपल्याकडील हितचिंतकांनी तरी यावर विचार करावा. उद्या खंभातच्या किनाऱ्यास एखादा देवमासा मरून लागला, तर त्यांच्या हाती दाखवावयास काय असेल? एका हिवाळ्याची आकडेवारी?

तेव्हा मागणी अशी आहे, आणि ती अवाजवी नाही. पवनक्षेत्राचा पट्टा देण्यापूर्वी निदान दोन पावसाळ्यांची मोजणी व्हावी. ती करणाऱ्या संस्थेस निविदेच्या यशापयशाशी कर्तव्य नसावे. आकडे मोजले जाताच सर्वांसाठी खुले व्हावेत, निविदा भरणाऱ्या कंपनीस आणि जाफराबादच्या कोळ्यास एकाच दिवशी. व्यापारी गुपिताच्या कुलपात ते जाऊ नयेत. चक्क्या उभ्या राहिल्यावरही मोजणी थांबू नये, कारण स्कोटर बदके अहवालाची तारीख पाहून येत नाहीत. आणि अहवाल गुजरातीत, तमिळमध्ये, उद्या आपल्या किनाऱ्याची पाळी आली तर मराठीत व कोंकणीत, संपूर्ण छापला जावा. दोन पानांचा गोषवारा नव्हे.

पावसाळ्यात समुद्रात जाता येत नाही, हे उत्तर आम्हांस अपेक्षित आहे. जाण्याची गरजच नाही. प्रवाह, क्षार, प्राणवायू मोजणारी आणि पाण्याखालचे आवाज टिपणारी यंत्रे नांगर टाकून तळाशी ठेविता येतात व महिनोन्‌महिने आपली नोंद आपण करीत राहतात. गोवा-महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मेअखेरीस, नावा वर ओढण्यापूर्वी, ही यंत्रे समुद्रात सोडावीत. ती कोठे सोडावीत हे डोलवाल्यांना विचारावे, आणि त्यांच्याच नावा भाड्याने घ्याव्यात. नारळी पौर्णिमा झाल्यावर त्याच नावांनी जाऊन ती वर काढावीत, आणि काय सापडले ते बंदरावरच वाचून दाखवावे.